ठकीचं घर

विद्वांस काकांना कुणी 'सर' म्हटलेलं खपायचं नाही. "सर पहिल्या मजल्यावर बसायचे, पंख्याखाली. मी तळमजल्यावर असायचो, फॉर्मॅलिनच्या वासात," असं तोंडावर सुनवायचे. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळा सहायक होते. विंचू, बेडूक, पटकृमी, दोन डोक्यांचं सापाचं पिल्लू अशा शेकडो बरण्या त्यांच्या ताब्यात, आणि प्रत्येक बरणीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. अक्षर गोल, सुटं, एकसारखं. "बरणीवर चिठ्ठी नसेल ना, तर आत काय आहे ते देवालाही सांगता यायचं नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

मी त्यांच्या समोरच्या दारातला अविनाश. सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एक त्यांचं नि एक आमचं. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कारण ज्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी निवडला त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो होतो. काकांनी मला अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे सेक्रेटरी झालो तरी मी त्यांच्या लेखी 'अरे अविनाश'च.

निवृत्त झाल्यावर बरण्या कॉलेजात राहिल्या, पण चिठ्ठ्यांची सवय घरी आली. दारावर: "बेल एकदा वाजवावी. ऐकू येते. गुडघे दुखतात." जिन्यातल्या शिडीवर: "नेताना विचारावे. आणताना विचारायची गरज नाही, आणावी." मधल्या खिडकीवर: "उघडी ठेवल्यास कबुतर आत येते. कबुतराला वाचता येत नाही, आपल्याला येते." आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम जिन्यात नेऊन या चिठ्ठ्या वाचून दाखवायचो. नाटकी आवाज काढून वाचायचो आणि सगळे खो खो हसायचे. एकदा काकांनी दार उघडून ते ऐकलं. "उच्चार स्पष्ट आहेत," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

ठकी आली ती खालच्या मजल्यावरून. तिथे नागपूरची एक मुलगी भाड्याने राहायची. ती शिकायला जर्मनीला निघाली, आणि तिच्याकडे एक टॅरंट्युला होती. म्हणजे केसाळ, तळहाताएवढा, चॉकलेटी रंगाचा कोळी, तोही परदेशी जातीचा. कागदपत्रं वगैरे सगळं होतं, पण कोळी घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ती म्हणाली, एखाद्या बागेत सोडून देते. जिन्यात हे ऐकून काका थबकले.

"बागेत? अगं, परक्या मुलखातली पोर ती. चार दिवसांत उपाशी मरेल, नाहीतर चप्पल बसेल. आण इकडे."

ती जी पेटी घेऊन वर आली ती पाहून काकांनी कपाळाला हात लावला. माशांची उंच टाकी. तळाला रंगीत खडे, एक प्लॅस्टिकची कवटी, पाण्याच्या वाटीत स्पंज, वर लाल दिवा. "हे घर आहे का हायवेवरचा बार?" ते म्हणाले. मग चष्मा वर करून आत बघत बसले. ठकी एका कोपऱ्यात काचेवर चढली होती. "ही एवढ्या उंचीवरून पडली ना, तर पोट फुटून मरेल. नारळ नाही ती. पिकलेला टोमॅटो आहे."

ठकी हे नाव त्यांनीच ठेवलं. का, ते विचारलं तर म्हणाले, "काकू गेल्यापासून या घरात एखादं बाईमाणसाचं नाव हाक मारायला हवंच होतं."

पुढचे पंधरा दिवस काकांनी तिचं घर बांधलं, आणि त्यात मला भरडून काढलं. नारायण पेठेतल्या फ्रेमवाल्याकडून त्यांनी काचेची पेटी करून घेतली. बुटकी आणि ऐसपैस. फ्रेमवाला म्हणत होता, काका, अजून फूटभर उंच करू, दिसायला चांगली दिसेल. काका म्हणाले, "दाखवायची नाहीये. राहायची आहे." पाय पसरल्यावर ती जेवढी होते त्याच्या तिप्पट लांबी, दुप्पट रुंदी, आणि मातीपासून छतापर्यंत एवढंच अंतर की पडली तरी तिला पडल्यासारखं वाटू नये. जाळीचं झाकण त्यांनी साफ नाकारलं, नखं अडकतात म्हणून. त्याऐवजी दोन बाजूंना बारीक भोकं पाडून घेतली, एका बाजूनं हवा आत, दुसरीकडून बाहेर.

मग कोकोपीट. नारळाच्या भुशाची ती सुकी वीट बादलीत भिजवून मोकळी करायची आणि पिळायची, हे काम माझ्याकडे. रविवारी सकाळी माझे पोहे गार होतायत आणि मी त्यांच्या मोरीत कोपरापर्यंत भुसा पिळतोय. "मूठ दाबलीस तर थेंब पडता कामा नये, उघडलीस तर ढेकूळ मोडता कामा नये." माझी मूठ त्यांनी चार वेळा नापास केली. पाचव्यांदा "हं" म्हणाले. काकांचा 'हं' म्हणजे डिस्टिंक्शन.

लपायला जागा हवी होती. काका माळ्यावरून एक खोकं काढून आले. त्यात काकूंची संक्रांतीची सुगडं होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यातलं एक त्यांनी हॅकसॉनं हळूहळू उभं कापलं आणि त्यातला अर्धा भाग मातीत आडवा पुरला. पाण्याला पणती. पेटी देवघराच्या खोलीत नको, उदबत्तीचा धूर सोसत नाही. फ्रिजवर नको, थरथर होते. उन्हात नको. शेवटी पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात, घडी घातलेल्या गोधडीवर ती पेटी बसली. दिवाळीच्या फटाक्यांत आणखी दोन गोधड्या खाली गेल्या.

ठकीला तिथे सोडलं. एक दिवस ती हललीच नाही. दुसऱ्या दिवशी सुगडात गेली आणि तोंडाशी बारीक रेशमाचा पडदा विणून बसली. काकांनी मला ऑफिसला निघताना अडवून, चपला काढायला लावून ते दाखवलं. "पडदे लावले तिनं," म्हणाले. डोळे पाणावले होते त्यांचे. मी घड्याळ बघत होतो.

सोसायटीत अर्थातच बोंब झाली. विषारी प्राणी पाळलाय, लहान मुलं आहेत, वगैरे. मीटिंग बोलावणं माझं काम. काका ठकीची पेटी दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी उतरत खाली आले आणि टेबलावर ठेवली. "बघा," म्हणाले. सगळे पुढे सरकले नि मागे सरकले. ठकी सुगडात, पडद्याआड. "ही बाहेर यायला तयार नाही, चावायचं तर सोडाच. गच्चीचं कुलूप कोण तोडतं ते या सोसायटीला आठ वर्षांत सापडलं नाही, आणि भीती हिची!" ठराव बारगळला. वर येताना पेटी मी धरतो म्हटलं, तर दिली नाही.

पेटीवर पाच चिठ्ठ्या होत्या. पाणी किती, झाकण कसं सरकवायचं, बाहेरचं झुरळ का घालायचं नाही ("कुणाच्या औषधात लोळून आले असेल, सांगता येत नाही"), असं बरंच काही. त्या पाचही मी कधी नीट वाचल्या नाहीत. चिठ्ठ्यांच्या त्या घरात जाऊन येऊन माझ्या डोळ्यांना त्या दिसायच्याच बंद झाल्या होत्या.

त्याच सुमाराला काकांच्या घरात आणखी एका जातीच्या चिठ्ठ्या दिसायला लागल्या. त्या इतरांसाठी नव्हत्या. गॅसच्या वर: "बंद केला?" आणि खाली रोजच्या तारखेसमोर बरोबरची खूण. औषधाच्या डबीवर: "सकाळची घेतली असशील तर पुन्हा घेऊ नको." मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"विसरतो हल्ली," म्हणाले. "निखिलच्या ते डोक्यात बसलंय." निखिल म्हणजे त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो. "तो म्हणतो, एकटे राहू नका, वृद्धांच्या निवासात राहा, तिथे माणसं असतात. मी म्हटलं, विसरणं हा काही गुन्हा नाही. चिठ्ठी न लावणं हा गुन्हा. जोवर चिठ्ठी लावायचं मला आठवतंय तोवर मी या घरात. ज्या दिवशी ती विसरलो, त्या दिवशी मीच फोन करेन, ये, ने मला." मग माझ्या खांद्यावर थापटी मारली. "शब्द दिलाय त्याला."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. नीट, मराठीत, समोर उभं राहून सांगितलं होतं. ही गोष्ट मी विसरलो असं मला म्हणता येत नाही.

मार्चमध्ये नातीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम होता म्हणून काका दहा दिवस बंगळुरूला गेले. किल्ली माझ्याकडे. "तीन आठवडे ती जेवत नाहीये," जाताना म्हणाले. "काळजीचं कारण नाही. खायला काही घालू नकोस. एक दिवसाआड पणतीत पाणी. बाकी सगळं लिहून ठेवलंय, वाच."

"हो हो, काका. तुम्ही जा निवांत."

"वाच हं."

"वाचतो हो!"

सहाव्या दिवशी पाणी घालायला गेलो तर ठकी सुगडाच्या बाहेर, उताणी. आठही पाय वर, पसरलेले. मी हाक मारली. कोळ्याला हाक! मग आमच्या घरून मंजिरीला, माझ्या बायकोला, बोलावलं. तिनं लांबूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मेली वाटतं रे. आज अरंगेत्रम आहे तिकडे. काकांना आज नको सांगूस."

मी झाडूची एक काडी घेऊन तिला टोचलं. एक पाय किंचित हलला. खरंच हलला. मी स्वतःला म्हटलं, काडीच्या धक्क्यानं हलला असेल. मला ते संपवायचं होतं. मेलेलं जनावर घरात ठेवायचं नसतं, आणि मला साडेदहाला ऑफिस गाठायचं होतं. सुपलीवर घेऊन काकांच्याच गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत तिला पुरलं. वर एक फूल ठेवलं. घरी येऊन आंघोळ केली. केवढं शास्त्र पाळलं मी!

दुसऱ्या दिवशी पेटी पुसायला गेलो आणि समोरच्या काचेवर, पणतीच्या बरोबर वर, माझ्या नाकासमोर लावलेली चिठ्ठी मी पहिल्यांदा वाचली. पाचांतली नव्हती. सहावी होती, ताजी.

"अविनाश, उताणी दिसली तर मेलेली नाही. कात टाकते आहे. मेलेला कोळी पाय पोटाशी घेतो, उताणा पडत नाही. तिला एक दिवस लागेल. हात लावू नये. श्वाससुद्धा जपून सोडावा."

धावत गॅलरीत गेलो. हातानं माती उकरली. पाठीवरची जुनी कात मधोमध उकलली होती आणि आतून नवं, मऊ, फिकट अंग अर्धं बाहेर आलेलं. मातीत गुदमरून, तसंच अर्ध्यावर राहिलेलं. मी तिथेच उकिडवा बसलो. कबुतराला वाचता येत नाही. मला येत होतं.

इथपर्यंत जे झालं ते बावळटपणा म्हणून खपलं असतं. काकांनी मला दोन शब्द ऐकवले असते, वर्षभर टोमणे मारले असते, आणि मी ते खाल्ले असते. पण मग मी जे केलं त्याला नाव नाही. मी आत गेलो, ती सहावी चिठ्ठी काचेवरून नखानं सोडवली, चिकटपट्टीचा डाग ओल्या फडक्यानं पुसला आणि चिठ्ठी खिशात घातली. का? तर काकांच्या समोर ओशाळं व्हायला नको म्हणून. पन्नाशीचा माणूस मी.

काका आले. बॅग ठेवायच्या आधी पेटीपाशी बसले. मी मागे उभा.

"उताणी होती का रे?"

"हो. मेली म्हणून पुरली मी, काका."

"अरे, कात टाकत होती ती." आवाज चढला नाही त्यांचा. "चिठ्ठी वाचली नाहीस?"

"चिठ्ठी नव्हती, काका."

त्यांनी पेटीच्या चारी बाजू पाहिल्या. पाचही चिठ्ठ्यांवर बोट ठेवून पाहिलं. "लिहिल्याचं आठवतंय," म्हणाले. "लावल्याचंसुद्धा आठवतंय. चिकटपट्टी दातानं तोडली होती." माझ्याकडे वळून पाहिलं. "नव्हती?"

"नव्हती."

त्यांनी गोधडीची घडी सारखी केली. मग उठताना माझाच आधार घेतला. "तू कशाला तोंड पाडतोस? बरणीवर चिठ्ठी नाही, तर तू काय करणार? तुझी काही चूक नाही." उलट माझी समजूत काढली त्यांनी. स्वतःला जे आठवत होतं ते त्यांनी खोटं मानलं, आणि मी सांगितलं ते खरं.

आठवड्याभरानं निखिलचा फोन आला. "अविनाशदादा, बाबा स्वतःहून म्हणतायत, ने मला. तुम्ही समोर राहता, तुम्ही सांगा. खरंच एवढं विसरतात का ते?" आत्ता सांगावं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. समोर मंजिरी भाजी निवडत होती. मी म्हणालो, "हो रे. हल्ली जरा वाढलंय." मंजिरीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तिला चिठ्ठीचं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं.

मे महिन्यात काका सिंहगड रस्त्याच्या पुढे एका निवासात राहायला गेले. सामान बांधायला मीच होतो, शेजारधर्म म्हणून. भिंतींवरच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून स्वतः काढल्या. शिडीवरचीही काढली. ठकीची पेटी मला दिली. "माती बदल. सुगड ठेव. कुणाला लागली तर दे, पण नीट समजावून दे." कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पायऱ्या उतरले, परत वर आले आणि पुन्हा ओढून बघितलं. मग कसनुसं हसून म्हणाले, "बघितलंस ना? बरं झालं जातोय ते."

मंजिरी म्हणते, ते विसरतच होते, आज ना उद्या जावं लागलंच असतं. असेल. पण त्यांना स्वतःचा भरवसा होता तोवर ते रोज गॅसवर खूण करत होते आणि गॅस बंद होत होता. तो भरवसा मी खिशात घालून नेला.

ती चिठ्ठी पाकिटात घेऊन मी दीड वर्ष हिंडलो. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी तिकडे गेलो. रिक्षात सगळं पाठ केलं. खोली स्वच्छ होती, खिडकीतून डोंगर दिसत होता. भिंतींवर चिठ्ठ्या होत्या, पण त्या काकांच्या अक्षरातल्या नव्हत्या. कुणीतरी स्केचपेननं लिहिलं होतं: बाथरूम. दिवा. कपडे.

"अविनाश," त्यांनी ओळखलं. "पाणी घालून आलास?"

मी खुर्ची जवळ ओढली, चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि एका दमात बोललो. "काका, ही तुम्ही लावली होती. पेटीवर. मी वाचली नाही, आणि नंतर काढून लपवली. तुम्ही विसरला नव्हतात. मी खोटं बोललो."

त्यांनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेली. बोट फिरवत पूर्ण वाचली. "अक्षर सुरेख आहे," म्हणाले. "कुणाचं?"

"तुमचंच, काका."

"छे. मी लिहिली असती तर आठवली असती." पुन्हा वाचली. "पण माहिती बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." मग एकदम घाबरून त्यांनी माझं मनगट धरलं. "अरे, ठकी उताणी आहे का आत्ता? हात नाही ना लावलास?"

खरं बोलायला गेलो होतो मी. आत्ताच बोललोही होतो. त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

"नाही काका. नाही लावला."

"शाबास." त्यांची पकड सैल झाली. चेहऱ्यावर तोच कोकोपीटच्या दिवशीचा 'हं' होता. "तू वाचतोस, म्हणून तर तुझ्यावर सोपवून गेलो." चिठ्ठी नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात परत दिली. "जा, जिथे होती तिथे लाव. लागेल कुणाला तरी."

घरी येऊन मी ती लावली. रिकाम्या पेटीच्या समोरच्या काचेवर, पणतीच्या बरोबर वर.